गोळी आणि तिच्यासोबतचं बोलणं



रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहायचं, तर आडपडदा ठेवून चालत नाही. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. पुढे १९३८ मध्ये, सरकारने संततिनियमनाची साधनं लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात आला आणि तो फेटाळला गेला.

कर्व्यांच्या हाताशी जी साधनं होती त्यांत तोंडावाटे घ्यायची गोळी नव्हती. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या पंचविशीतल्या रसायनशास्त्रज्ञाने कार्ल जेरासी यांच्या हाताखाली नॉरएथिस्टेरॉन हे द्रव्य तयार केलं होतं. त्याचा कच्चा माल होता मेक्सिकोच्या जंगलात उगवणारा एक कंद. नॉरएथिस्टेरॉन या नावाकडे मी पुढे येणार आहे. आज आपल्या गावोगावच्या औषधांच्या दुकानांत ते रोज विकलं जातं, आणि घेणाऱ्या बहुतेकींना ते नेमकं काय आहे हे ठाऊक नसतं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गर्भनिरोधक गोळी हे चांगलं औषध आहे. निरोगी तरुण बाईसाठी ते बहुतेक वेळा सुरक्षितही आहे. पण ती सुरक्षितता गोळीसोबत जे विचारलं जातं, जे मोजलं जातं आणि जे सांगितलं जातं त्यावर टिकून आहे. आपल्याकडे गोळी पोचली, हे बोलणं पोचलं नाही.

प्रथम गोळी काय करते ते पाहू. नेहमीच्या गोळीत दोन संप्रेरकं असतात, एक इस्ट्रोजेन आणि दुसरं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं. ती रोज पोटात गेली की मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून अंडाशयाला जाणारा संदेश थांबतो आणि त्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, त्यातून शुक्रजंतूंना वर सरकता येत नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानातली माला-डी यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असतं. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ औषधाच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना जो रक्तस्राव होतो तो संप्रेरक थांबल्यामुळे होतो. तो कमी झाला, दोनच दिवस राहिला, तर पोटात ‘घाण साठते’ असं मुळीच नाही. साठायला आत अस्तरच कमी तयार झालेलं असतं.

या गोळीचा जन्म मात्र स्वच्छ हातांनी झालेला नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. मार्गारेट सँगर आणि कॅथरिन मॅककॉर्मिक या दोघी बायकांनी अमेरिकेत या संशोधनाचा पाठपुरावा केला. पहिलीने ध्यास घेतला, दुसरीने पैसा दिला. सँगरबाई १९३५ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेल्या होत्या. दोघांचं पटलं नाही. गांधीजींचा भर संयमावर होता. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी गोळी तयार केली आणि १९५६ मध्ये पोर्तो रिकोतल्या गरीब वस्तीत तिची मोठी चाचणी सुरू झाली. या बायकांना गर्भ राहणार नाही एवढं सांगितलं होतं. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत हे सांगितलं नव्हतं. तिथल्या कामाची प्रमुख डॉ. एड्रिस राइस-रे हिने कळवलं की १७ टक्के बायकांना चक्कर, मळमळ, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतात, आणि सर्रास वापरासाठी हे प्रमाण जास्त आहे. तिच्या म्हणण्याला वजन दिलं गेलं नाही. १९६० मध्ये अमेरिकी सरकारने ‘एनोव्हिड’ला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. तिच्यात आजच्या गोळीच्या कितीतरी पट संप्रेरकं होती.

पुढच्या दहा वर्षांत पायाच्या शिरांत, फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या होऊन बायका दगावल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९६९ मध्ये बार्बरा सीमन या पत्रकार बाईने त्यावर पुस्तक लिहिलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर सुनावणी झाली, आणि तिथे साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी भर सभागृहात विचारलं की आमच्या शरीराबद्दल चाललंय आणि आम्हालाच का विचारत नाही? त्या वर्षीपासून तिथे गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी छापील माहिती घालणं बंधनकारक झालं. संप्रेरकांची मात्राही उतरत गेली. आज आपण जी कमी मात्रेची गोळी घेतो तिच्यामागे शास्त्रज्ञांइतकाच त्या ओरडणाऱ्या मुलींचा हात आहे.

आता धोक्याचं बोलू. माझ्याकडे येणाऱ्या बायका सांगतात, “डॉक्टर, गोळ्या उष्ण पडतात”, “अंगात गाठी होतात”, “वजन वाढतं.” उष्ण पडण्याला काही आधार नाही. वजनात फार मोठा फरक पडतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. पहिले दोन-तीन महिने मळमळ, स्तन दुखरे होणं, मध्येच डाग लागणं हे होतं आणि बहुधा आपोआप थांबतं. काही जणींचं मन उदास होतं. बाईने तसं सांगितलं तर ते खरं मानावं आणि दुसरा उपाय द्यावा. तिला समजुतीच्या गोष्टी सांगू नयेत.

खरा धोका रक्ताच्या गुठळीचा. तो आकड्यांतच समजून घेतला पाहिजे. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षभरात १ ते ५ जणींना अशी गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात ५ ते २० जणींना, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत हेच प्रमाण ४० ते ६५ पर्यंत जातं. म्हणजे गोळीने धोका वाढतो हे खरं, आणि ज्या गरोदरपणापासून ती वाचवते त्याचा धोका तिच्याहून मोठा आहे हेही खरं. यातलं अर्धंच वाक्य सांगितलं की काय होतं ते ब्रिटनमध्ये १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. काही नव्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथल्या औषध सुरक्षा समितीने दिला. दुप्पट म्हणजे किती वरून किती, हे लोकांपर्यंत नीट गेलंच नाही. बायकांनी पाकीट अर्ध्यावर टाकलं, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात वाढले. गप्प राहून बायकांचं नुकसान झालं होतं, आता अर्धवट बोलून झालं.

कॅन्सरबद्दलही तसंच. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांत अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर लक्षणीय कमी आढळतो, आणि हे संरक्षण गोळी थांबवल्यावरही कित्येक वर्षं टिकतं. उलट स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण गोळी चालू असताना थोडं वाढतं. डेन्मार्कमध्ये १८ लाख बायकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही वाढ एक लाख बायकांमागे वर्षाला सुमारे १३ इतकी निघाली. पाच वर्षांहून अधिक काळ घेतली तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो आणि थांबवल्यावर उतरतो. म्हणून गोळी घेणाऱ्या बाईने मुखाची तपासणी चुकवू नये. खरं तर न घेणारीनेही चुकवू नये.

मग गोळी कोणी घेऊ नये? ज्यांना पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला आहे त्यांनी. स्तनाचा कॅन्सर असलेल्यांनी, यकृताचा गंभीर आजार असलेल्यांनी. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी टाळावी. पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या बाईने घेऊ नये. ज्यांची अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा, चमक किंवा काळोखी येते त्यांनी तर मुळीच नाही, कारण त्यांना पक्षाघाताचा धोका असतो. अर्धशिशी आपल्याकडे इतकी घरगुती मानली जाते की बाई ती सांगतच नाही. डॉक्टरने विचारावं लागतं. तंबाखूचंही तसंच. “सिगरेट ओढता का?” या प्रश्नाला आपल्याकडची बाई हसून नाही म्हणेल. मिश्री लावता का, हे वेगळं विचारायला हवं. शेजारणीला चालली म्हणून मला चालेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही. या साऱ्या चौकशीला दहा मिनिटं आणि रक्तदाब मोजायचं एक यंत्र पुरतं.

आणखी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल आपल्या देशात फार मोठ्याने बोललं पाहिजे. क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध असतं. ते यकृताचं काम वाढवून गोळीतली संप्रेरकं लवकर नष्ट करतं, आणि गोळी निकामी होते. फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांचंही तेच. साध्या अँटिबायोटिक्सने असं होत नाही. क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा. त्या सहा महिन्यांत गोळीच्या भरवशावर राहिलेली बाई आजारपणातच गरोदर राहू शकते, आणि टीबीची औषधं देणारा आणि गोळी देणारा हे दोघे एकमेकांशी बोललेलेच नसतात. या काळात तांबीसारखा उपाय उत्तम.

घ्यायची कशी, हे सोपं आहे. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली तर लगेच संरक्षण मिळतं. नंतर सुरू केली तर पहिले सात दिवस कंडोमही वापरावा. वेळ रोज एकच, रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी. संबंध आला त्या दिवशीच घ्यायची, किंवा नवरा परगावी गेला की बंद ठेवायची, असा समज मला अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग त्यासाठी एकाच दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी हरकत नाही. लागोपाठ दोन किंवा अधिक औषधी गोळ्या चुकल्या तर आठवताच एक घ्यावी, पुढे चालू ठेवावी आणि सात दिवस कंडोम वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करावं. लोहाची गोळी विसरली तर काही बिघडत नाही. काटेकोर घेतल्यास वर्षभरात शंभरांत एकीलाही गर्भ राहत नाही. प्रत्यक्ष आयुष्यात, म्हणजे मुलांची आजारपणं, पाहुणे, प्रवास यांत विसरत विसरत घेतल्यास शंभरांत सुमारे सात जणींना राहतो.

पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे असं डोकं ठणकलं, दृष्टी अंधुक झाली किंवा पोटात असह्य कळ आली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि आपण गोळी घेतो हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावं. सासूपासून लपवलेली गोळी डॉक्टरपासूनही लपवली जाते, आणि निदान चुकतं.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात ‘गोळी’ या एकाच शब्दाखाली चार वेगळी औषधं विकली जातात. एक ही रोजची. दुसरी तातडीची, लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि ते योग्यच झालं. पण ती दर आठवड्याला घ्यायची गोष्ट नाही, कारण रोजच्या गोळीइतकी ती भरवशाची नाही. तिसरी गर्भपाताची. ती कायद्याने डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. बाहेरून आणून घेतलेल्या गोळ्यांनंतर रक्तस्राव थांबत नाही म्हणून रात्री-अपरात्री आलेल्या बायका माझ्या पिढीच्या प्रत्येक डॉक्टरने पाहिल्या आहेत.

आणि चौथी, पाळी पुढे ढकलण्याची. गौरी-गणपती, घरचं लग्न, पूजा, पंढरपूरची वारी, काही निमित्त आलं की घरातली मोठी बाईच सुनेला, मुलीला सांगते, गोळी घे. दुकानदार विचारत नाही, डॉक्टरही कधी कधी फोनवरच सांगतात. ही गोळी म्हणजे तेच नॉरएथिस्टेरॉन, मेक्सिकोतलं. पाळीच्या तीन दिवस आधीपासून ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं ते घेतात. अशा वापरात ते गर्भनिरोधक म्हणून धरू नये. शिवाय एवढ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे ज्यांना रोजची गोळी वर्ज्य आहे त्यांनी हीही विचारल्याशिवाय घेऊ नये. एखाद्या परीक्षेसाठी, प्रवासासाठी एखादीने समजून-उमजून ती घेतली तर माझी तक्रार नाही. पण सण सोवळ्यात पार पडावा म्हणून, इच्छा नसताना, दरवर्षी एखाद्या मुलीच्या शरीराचं वेळापत्रक घरच्यांनी बदलायचं, हे मला पटत नाही. देवघरात पाळी आलेल्या बाईला जागा नाही हा प्रश्न गोळीने सोडवायचा नाही.

गोळीचा उपयोग गर्भ रोखण्यापुरता नाही, आणि या बाजूने ती आपल्याकडे फार कमी वापरली जाते. जास्त जाणारी पाळी तिने आटोक्यात येते, रक्तक्षय कमी होतो, पोटदुखी हलकी होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी समितीने पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीचा त्रास, खाडा पडला की मजुरी बुडणार, उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि उपाय म्हणून थेट शस्त्रक्रिया. त्यातल्या प्रत्येकीला गोळी चालली असती असं मी म्हणत नाही. पण किती जणींना आधी स्वस्त, उलटवता येणारा औषधी उपाय देऊन पाहिला होता, हा प्रश्न माझ्या व्यवसायाने स्वतःला विचारायला हवा.

पीसीओडी असलेल्या मुलींना ही गोळी दिली की आई घाबरते. लग्नाआधी मुलीला संततिनियमनाची गोळी कशी द्यायची, लोक काय म्हणतील? तिथे ती पाळी नियमित करायला, मुरमं आणि चेहऱ्यावरचे केस कमी करायला, आणि अस्तर जाड होऊ नये म्हणून असते. ती मूळ प्रवृत्ती बदलत नाही, थांबवल्यावर पाळी पुन्हा लांबू शकते. व्यायाम आणि वजन हे काम मुलीचंच राहतं.

पर्यायही आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आणि १९९१ पासून ‘सहेली’ नावाने मिळणारी गोळी संप्रेरकाविना काम करते. सरकारी केंद्रांत ती ‘छाया’ नावाने फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. नेहमीची गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. यातल्या कुठल्याही गोळीने गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही, तिथे कंडोमच हवा.

आणि पुरुष? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात स्त्रियांची शस्त्रक्रिया सुमारे ३८ टक्के, गोळी ५ टक्के, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती. नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, कमी धोक्याची. बाईचा रक्तदाब जास्त निघाला, तिला अर्धशिशी निघाली, म्हणजे आता तिच्यासाठी दुसरं काय, असं विचारत नवरे माझ्यासमोर बसतात. मी त्यांच्याकडे पाहून सांगते, आता तुमची पाळी.

एक भीती शेवटी बोलायची ठेवली, कारण नव्या जोडप्यांना गोळीपासून तीच सर्वांत जास्त अडवते. पहिल्या मुलाआधी गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही, असं सांगितलं जातं. गोळी थांबवल्यावर बहुतेकींचं बीज एक ते तीन महिन्यांत पुन्हा बाहेर पडू लागतं, आणि वर्षभरात गर्भ राहण्याचं प्रमाण कधीच गोळी न घेतलेल्या बायकांइतकंच असतं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शननंतर थोडा उशीर लागतो, गोळीनंतर नाही. वय वाढल्याने गर्भ राहायला अडचण येते, तिचा दोष गोळीवर येतो. त्यामुळे मूल हवं असं दोघांनी ठरवलं की पाकीट संपवून गोळी थांबवा, शरीर ‘साफ’ व्हायची वाट पाहत बसू नका, आणि फॉलिक ॲसिड मात्र त्याच्या आधीपासूनच सुरू करा.